यादी नको, बेरीज सांगा

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा गोषवारा देते आहे.)

‘मी नॉर्थ कॅरोलायनात, वेक काउंटीत राहते. वय 41, दोन मुलं. नवरा आयटीत आहे आणि टॅक्सचं सगळं तोच बघतो. राज्याच्या रिटर्नमध्ये यूज टॅक्स नावाची एक ओळ असते, तिथे दरवर्षी तो “लागू नाही” करून मोकळा व्हायचा. यंदा ऑफिसात त्याला कुणीतरी सांगितलं की आपण ऑनलाइन काय काय घेतलं त्याची यादी राज्याकडे जाते आणि खोटं लिहिलं तर दंड होतो. तेव्हापासून तो मागे लागला आहे, तुझ्या अकाउंटची वर्षभराची ऑर्डर हिस्टरी काढून दे, मी एक्सेलमध्ये टाकतो. अडचण अशी की त्या यादीत मी मागवलेली पाच-सहा पुस्तकं आहेत, नैराश्यावरची. वडील गेले तेव्हा मला सांगलीला वेळेवर पोचता आलं नाही. तेव्हापासून माझं काही खरं नाही. घरात हे कुणाला बोललेले नाही. नवरा वाईट नाही, पण “तुला काय कमी आहे” एवढंच म्हणेल. यादी दिली नाही तर काहीतरी लपवतेय असं वाटेल, दिली तर पुस्तकं दिसतील. आणि सरकारलाही ती दिसत असतील का? कर बुडवायची माझी इच्छा नाही. बाकी लपवण्यासारखं काही नाही. किराणा, मुलांचे कपडे, आणि मंडळातल्या मैत्रिणींसाठी मी येवल्याहून एकत्र साड्या मागवते, त्या तर व्हॉट्सअ‍ॅपवरच. काय करू?’

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पुस्तकांवर पाऊण पत्र आहे आणि साड्यांवर एक ओळ. मी न्यू जर्सीत तीसेक वर्षं लोकांची रिटर्न्स भरली, त्या सवयीने सांगते, टॅक्सच्या हिशेबात हे नेमकं उलटं आहे. ज्या पुस्तकांनी तुमची झोप उडवली ती त्या ओळीसाठी लागतच नाहीत. आणि ज्या साड्या तुमच्या लेखी यादीतच नाहीत, ती ओळ त्यांच्यासाठीच आहे.

आधी पुस्तकांचं बघू. फोनवर त्या ऑर्डरची पावती उघडा. किंमत, शिपिंग आणि त्याखाली टॅक्सचा आकडा दिसेल. तो दिसला की विषय मिटला. यूज टॅक्स म्हणजे काही नवीन कर नव्हे. विकणाऱ्याने सेल्स टॅक्स घेतला नसेल, तर तोच कर त्याच दराने विकत घेणाऱ्याने स्वतः राज्याला द्यायचा, एवढंच. विकणाऱ्याने घेतला असेल तर देणं फिटलं. तुमच्या राज्यात अ‍ॅमेझॉन फेब्रुवारी 2014 पासून सेल्स टॅक्स घेते. बाहेरच्या राज्यातल्या मोठ्या विक्रेत्यांना नोव्हेंबर 2018 पासून तो घ्यावा लागतो. आणि अशा साइटवर दुकान मांडून बसलेल्या छोट्यांचा कर फेब्रुवारी 2020 पासून साइटनेच गोळा करायचा असा नियम आहे. म्हणजे वर्षभराची ऑर्डर हिस्टरी एक्सेलमध्ये उतरवून नवरोबांच्या हाती काय लागणार, तर दोन-तीनशे ओळी आणि शेवटी जवळजवळ शून्य.

हे त्यांना माहीत नसावं यात नवल नाही. हा कर भल्याभल्यांना कळत नाही. आपल्याकडे छापील किमतीत सगळं आलेलं असतं, कर पोटात. माझी आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा 9.99 लिहिलेल्या वस्तूसाठी मुठीत दहाची नोट घट्ट धरून काउंटरवर उभी राहिली, आणि त्या मुलीने वर आणखी पैसे मागितल्यावर मला मराठीत म्हणाली, ‘ही फसवतेय बघ.’ तुमच्या काउंटीत 7.25 टक्के धरले तर त्याच वस्तूचे 10.71 होतात. पूर्वी ऑनलाइन घेतलं की हे वरचे 72 सेंट लागायचे नाहीत आणि सगळ्यांना वाटायचं, इंटरनेटवर टॅक्स नसतो. टॅक्स होताच. तो मागायला कुणी नव्हतं.

मागायला कुणी नव्हतं, कारण 1992 मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘क्विल’ खटल्यात सांगून टाकलं होतं की ज्या राज्यात कंपनीचं दुकान, गोदाम, माणूस काहीच नाही, ते राज्य तिला सेल्स टॅक्स गोळा करायला लावू शकत नाही. क्विल ऑफिसची स्टेशनरी कॅटलॉगवर विकायची आणि भांडण नॉर्थ डकोटाशी होतं. तेव्हा वेबवर दुकानं नव्हतीच. पुढे ती आली आणि याच निकालाच्या सावलीत वाढली. कर कागदावर लोकांनी स्वतः भरायचा होता. लोक भरत नव्हते. राज्यं हात चोळत बसली होती.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सरकारला पुस्तकं दिसतात का. ताई, हा प्रश्न कोर्टात गेला होता आणि तो तुमच्याच राज्यातून गेला होता.

नॉर्थ कॅरोलायनाच्या महसूल खात्याने अ‍ॅमेझॉनकडे ऑगस्ट 2003 ते फेब्रुवारी 2010 या काळात राज्यातल्या पत्त्यांवर गेलेल्या सगळ्या विक्रीची माहिती मागितली. कंपनीने नावं वगळून जवळपास 5 कोटी खरेद्यांच्या नोंदी दिल्या, पण त्यात प्रत्येक वस्तूचा कोड होता. त्या कोडवरून पुस्तकाचं नाव कुणालाही काढता येतं. मग खातं म्हणालं, आता नावं-पत्तेही द्या. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कुठल्या घरात कोण काय वाचतं, कुठला सिनेमा बघतं, हे सरकारी फायलीत गेलं असतं. एप्रिल 2010 मध्ये अ‍ॅमेझॉनने सिअ‍ॅटलच्या फेडरल कोर्टात दावा लावला. नागरी हक्कांसाठी लढणारी एसीएलयू ही संस्था काही ग्राहकांच्या वतीने त्यात उतरली. त्यातले बहुतेक निनावी होते. एकीने घटस्फोटाविषयीची पुस्तकं घेतली होती, कुणी मानसिक आजारांवरची. म्हणजे तुमच्या जागी तिथे आधी कुणी उभं राहून गेलं आहे.

त्या वर्षी 25 ऑक्टोबरला न्यायाधीश मार्शा पेकमन यांनी निकाल दिला की नावं आणि पुस्तकं एकत्र मागणं हा राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचा, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा, भंग आहे. काय वाचावं हे ठरवताना सरकार खांद्यावरून डोकावतंय असं वाटलं तर माणूस ते पुस्तक घेणारच नाही, हा त्यामागचा विचार. सिनेमांच्या बाबतीत 1988 चा व्हिडिओ खासगीपणाचा कायदाही आडवा आला. त्या कायद्याची जन्मकथा गमतीची आहे. 1987 मध्ये सुप्रीम कोर्टासाठी नाव सुचवलेल्या रॉबर्ट बोर्क यांनी कुठकुठल्या व्हिडिओ कॅसेट भाड्याने नेल्या त्याची यादी वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाने छापली. यादीत वावगं काहीच नव्हतं, पण खासदारांना बहुधा आपापल्या यादीची आठवण झाली आणि पुढच्याच वर्षी कायदा तयार. असो. फेब्रुवारी 2011 मध्ये राज्याने तडजोड केली आणि कुठल्या ग्राहकाने कुठली वस्तू घेतली हे मागणार नाही असं मान्य केलं.

यात अ‍ॅमेझॉनला संत समजू नका. कर गोळा करायचा नाही यात तिचा धंद्याचा फायदा होता, आणि जी यादी सरकारपासून वाचवायला ती कोर्टात गेली, तीच यादी ती स्वतः रोज वाचते. तुम्ही एक पुस्तक घेतलंत की त्याच विषयाची आणखी चार पुढ्यात येतात, ती कुठून?

कोलोरॅडोने दुसरी वाट काढली. 2010 च्या तिथल्या कायद्याने बाहेरच्या विक्रेत्यांना सांगितलं, कर घेत नसाल तर ग्राहकाला तसं कळवा, वर्षाला 500 डॉलरच्या वर खरेदी करणाऱ्याला हिशेब पाठवा, आणि खात्याला ग्राहकाचं नाव आणि एकूण रक्कम कळवा. काय घेतलं ते नको, कितीचं घेतलं ते. यावरही वर्षानुवर्षं खटला चालला, पण कायदा टिकला आणि जुलै 2017 पासून लागूही झाला. मला तोही पुरता पटलेला नाही, कारण काही दुकानांचं नावच सगळं सांगतं. पण नॉर्थ कॅरोलायनाने वस्तू मागितल्या आणि हात पोळून घेतले, कोलोरॅडोने बेरीज मागितली आणि ती मिळाली, एवढं लक्षात ठेवा. तुमच्या घरातल्या भांडणातही ते उपयोगी पडेल.

पुढे 21 जून 2018 ला सुप्रीम कोर्टाने साउथ डकोटाच्या ‘वेफेअर’ या ऑनलाइन घरसामान विकणाऱ्या कंपनीविरुद्धच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ‘क्विल’ मोडीत काढला. राज्यात वर्षाला एक लाख डॉलरची विक्री किंवा 200 व्यवहार झाले की दुकान नसलं तरी कर गोळा करा, हा साउथ डकोटाचा नियम तिथे उचलून धरला गेला आणि मग बाकीच्या राज्यांनी तसेच नियम केले. तेव्हापासून राज्याला तुमच्या यादीची गरजच उरली नाही. दुकानदार एकगठ्ठा रक्कम भरतो. तिच्यात तुमच्या पुस्तकांचे दीड-दोन डॉलर कुठे आहेत हे शोधायचं म्हटलं तरी सापडणार नाहीत. नवऱ्याच्या ऑफिसातल्या त्या जाणकाराची माहिती निदान पंधरा वर्षं जुनी आहे, आणि तेव्हाही अर्धवटच होती.

एक जुनी गोष्ट आठवली. 2012 च्या सुमाराचा मार्च महिना. एक बाई माझ्याकडे साठ पानांची छापील ऑर्डर हिस्टरी घेऊन आल्या. यूज टॅक्स भरायचा होता. पानापानांवर काळ्या मार्करने ओळी खोडलेल्या, रात्रभर बसून. मी एक पान टेबलावरच्या दिव्यासमोर धरलं आणि खोडलेलं सगळं स्वच्छ वाचता आलं. मी घाईघाईने पान पालथं ठेवलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की मला दिसलं हे त्यांना दिसलं होतं. मला त्या साठ पानांतला फक्त एक आकडा हवा होता, ज्यांवर टॅक्स लागला नाही त्यांची बेरीज. तो त्यांना फोनवरही सांगता आला असता. मी आधी विचारलं असतं तर. तेव्हापासून मी लोकांना पहिलंच वाक्य सांगायची, यादी आणू नका, बेरीज आणा.

मिरजेला आमच्या वाण्याच्या वहीत हे शहाणपण होतं. उधारीच्या वहीत मालाची नावं असायची आणि ती वही काउंटरवर उघडी पडलेली, कुणीही वाचावी. ज्या घराने सांगितलं असेल त्यांच्या पानावर मात्र नुसतं ‘किरकोळ’ लिहून पुढे रक्कम. चोख पैसे देणारी घरं होती ती. ‘किरकोळ’मुळे वाण्याचे पैसे कधी बुडले नाहीत.

आता नवऱ्याकडे येऊ. तुम्ही धरून चालला आहात की यादी मागणं म्हणजे तुमच्या कपाटाची झडती. तुमच्याच पत्रावरून मला तसं दिसत नाही. दंडाच्या भीतीने गडबडलेला, एक्सेलशिवाय ज्याला झोप येत नाही असा हा माणूस आहे. त्याला बेरीज मिळाली तर तो खूश होईल. त्यामुळे ‘मी देणार नाही’ हे वाक्य मुळात लागतच नाही. ‘माझ्या अकाउंटवरचं मी तपासलं, सगळ्यावर टॅक्स लागलाय, आपल्या ओळीत तिथलं शून्य’ असं म्हणा. हे खरं आहे आणि पुरेसं आहे. मात्र म्हणण्याआधी खरंच तपासा. वर्षभराच्या पावत्या वरून खाली बघायला तासभर लागेल. परदेशातून थेट आलेली किंवा एखाद्या छोट्या साइटवरची वस्तू असेल तर तिथे टॅक्सचा रकाना रिकामा असू शकतो. तेवढ्या वस्तूंची किंमत वेगळी मांडा आणि नाव द्यायचं नसेल तिथे ‘किरकोळ’ लिहा. तुम्ही दोघं एकत्र रिटर्न भरत असाल तर खाली सही तुमचीही असते, म्हणून आपला आकडा आपण काढणं हा तुमचा हक्क आहे आणि जबाबदारीही.

एवढं करूनही ते म्हणाले, ‘नाही, मला ओळन् ओळ बघायचीय,’ तर मग तो टॅक्सचा प्रश्न नव्हे. तसं झालं तर मला पुन्हा लिहा, तेव्हा मी दुसऱ्या सुरात बोलेन.

ज्यांच्याकडे पावत्याच नाहीत त्यांच्यासाठी सांगते. नॉर्थ कॅरोलायनाच्या रिटर्नच्या सूचनांमध्ये एक तक्ता असतो. उत्पन्न बघायचं, त्यासमोरची अंदाजी रक्कम लिहायची. ती उत्पन्नाच्या एका टक्क्याच्याही खूप खाली असते. एक हजार डॉलर किंवा त्याहून महाग वस्तू असेल तर तिचा कर वेगळा मोजायचा. आमच्या न्यू जर्सीतही असाच तक्ता आहे. सरकार स्वतः म्हणतं की काय घेतलं ते सांगू नका, अंदाजाने द्या, आणि आपण मार्कर घेऊन बसतो! मात्र ‘लागू नाही’चं ते वर्तुळ न बघता काळं करू नका. ते म्हणजे काहीही देणं लागत नाही असं लिहून देणं असतं.

आणि आता साड्या.

तुम्ही येवल्याच्या विणकराला व्हॉट्सअ‍ॅपवर सांगता, पैसे पाठवता, पार्सल तुमच्या दारात येतं. त्याने नॉर्थ कॅरोलायनाचा सेल्स टॅक्स घेतलेला नाही, घेण्याचा प्रश्नही नाही. यूज टॅक्स आहे तो नेमका अशा खरेदीसाठी. समजा तुमच्या स्वतःच्या तीन साड्या कुरिअर धरून 640 डॉलरला पडल्या. पाठवणावळही किमतीतच धरायची असते. 7.25 टक्क्यांनी 46 डॉलर 40 सेंट झाले. तेवढे त्या ओळीत लिहिले की संपलं. ऑगस्ट 2025 अखेरपासून 800 डॉलरच्या आतल्या पार्सलची ड्युटीमाफी गेली, तेव्हा कुरिअरवाल्याने तुमच्याकडून ड्युटी घेतली असेल, पण ती कस्टम्सची. राज्याच्या कराशी तिचा संबंध नाही. भारतात भरलेला जीएसटी इथे वजा होईल असंही धरून चालू नका. आणि राज्याला कळायची भीती बाळगायचीच असेल तर ती पुस्तकांची नको, या पार्सलांची बाळगा. काही राज्यांची कर खाती कस्टम्सकडच्या आयातीच्या नोंदी चाळून लोकांना पत्रं पाठवतात.

मैत्रिणींच्या साड्यांचं मात्र जरा थांबून बघू. तुम्ही कुणाकडून वर काही घेता का? पत्रात नाही, म्हणून विचारते. जेवढ्याला पडली तेवढेच पैसे घेत असाल तर तुम्ही फक्त हमाली करता, प्रत्येकीने आपापल्या साडीचा यूज टॅक्स आपापल्या रिटर्नमध्ये भरायचा. त्यांना प्रत्येकीचा आकडा तेवढा कळवा. पण ‘माझ्या खेपांचे दहा डॉलर’ असं वर घेत असाल, तर दहाचे का होईना तुम्ही दुकानदार झालात. मंडळात कुणीतरी हमखास सांगेल की एक लाख डॉलरपर्यंत काही लागत नाही. ते चूक. ती मर्यादा राज्याबाहेरच्या विक्रेत्यांसाठी आहे. राज्यात बसून विकणाऱ्याला पहिल्या साडीपासून नोंदणी करून टॅक्स घ्यावा लागतो. नोंदणीला फी नाही.

आणि तुम्ही एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर असाल, कामाचा परवाना नसेल, तर हे वरचे दहा डॉलर आजच बंद करा. तिथे करापेक्षा व्हिसाची भानगड मोठी आहे. हे मी हौशीने डबे आणि फराळ विकणाऱ्या कितीतरी जणींना सांगितलंय. निम्म्या जणींना राग आला, निम्म्या जणींनी वकिलाचा नंबर मागितला.

बाकीच्या राज्यांतल्या वाचकांसाठी थोडक्यात. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात साध्या कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही, म्हणून तीच पैठणी माझ्या दारात आली तर यूज टॅक्सही नाही. ऑरेगन, डेलावेअर, मॉन्टाना, न्यू हॅम्पशर आणि अलास्कात राज्याचा सेल्स टॅक्सच नाही. टेक्ससमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नसल्याने रिटर्नमध्ये ओळ नसते, पण यूज टॅक्स असतो, तो वेगळ्या फॉर्मवर भरायचा.

तुमच्या खासगीपणाला खरा धोका राज्याकडून नाही, घरातल्या टॅबलेटकडून आहे. एकच अकाउंट चौघं वापरत असतील तर मुलगा पेन्सिल शोधायला गेला तरी पहिल्या पानावर तुमच्या पुस्तकाची भावंडं दिसतील. ई-पुस्तकं सामायिक लायब्ररीत सगळ्यांना दिसतात. पार्सल पोचल्याचा फोटो आणि ई-मेल कुणाच्या फोनवर येतो तेही बघा. स्वतःच्या ई-मेलवर वेगळं अकाउंट काढा. ऑर्डर दृष्टीआड केल्याने ती कंपनीच्या नोंदीतून जात नाही. सगळ्यात सोपं म्हणजे काउंटीची लायब्ररी. आणि कार्डाचं स्टेटमेंट दोघं बघत असाल तर तिथे दुकानाचं नाव आणि रक्कम दिसते, पुस्तकाचं नाव नाही. कोलोरॅडोचाच नियम म्हणा.

पुस्तकं घेतलीत हे मला आवडलं. पण वडील जाऊन वर्ष होत आलं आणि अजून बरं वाटत नसेल तर एकदा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला सांगा. विमा नवऱ्याच्या नोकरीतून असेल तर भेटीचा तपशील बहुधा त्यांच्या नावाने घरी येईल. तो वेगळ्या पत्त्यावर किंवा फक्त तुमच्या ई-मेलवर येऊ शकतो का, हे अपॉइंटमेंट घेतानाच दवाखान्यात आणि विमा कंपनीत विचारून ठेवा. लोक हे विचारतात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. जीव नकोसा वाटेल इतकं कधी वाढलं तर 988 या मदतवाहिनीला फोन किंवा मेसेज करा, रात्री-अपरात्रीसुद्धा.

नवऱ्याला सांगायचं की नाही, हे मी ठरवणार नाही. ‘तुला काय कमी आहे’ हे ते म्हणतील असं तुम्ही म्हणता. अजून ते म्हणालेले नाहीत, एवढंच फक्त नोंदवून ठेवते.

पण साड्यांचं त्यांना आजच सांगा. मैत्रिणींचे पैसे तुमच्या खात्यात वर्षभर येत आहेत, आणि एक्सेल उघडून बसलेला माणूस बँकेचं स्टेटमेंट कधी ना कधी बघणारच. रात्री जेवणं झाली की व्हॉट्सअ‍ॅपवरचा हिशेब त्यांच्यासमोर उघडा. एका रकान्यात तुमच्या साड्या, दुसऱ्यात बाकीच्यांच्या, शेजारी रक्कम. 7.25 टक्क्यांचं सूत्र त्यांनाच टाकू द्या. रिटर्नची मुदत 15 एप्रिलपर्यंत असते.